शेवटच्या बाकावरचे भाऊबहीण

जोनास वुती. वय अंदाजे सत्तावन्न. जन्माची नोंद चर्चच्या वहीत होती, चर्च वादळात गेलं. हुद्दा: विमानतळ प्रतिनिधी, हंगामी, सेवेचे तेविसावे वर्ष. कार्यक्षेत्र: एक धावपट्टी, लांबी सहाशे मीटर, एक प्रतीक्षागृह, आसनक्षमता आठ, एक वजनकाटा, दीडशे किलोपर्यंत प्रमाणित. कर्तव्ये: प्रवासी व सामान यांचे वजन करणे, आसने नेमून देणे, वैमानिकास वाऱ्याची दिशा कळवणे, उड्डाणक्षेत्र अडथळामुक्त राखणे. अधिकार: कोणतेही सामान अथवा कोणताही प्रवासी नाकारणे. धावपट्टी गवताची आहे आणि विमान नसतं तेव्हा तिच्यावर गाई चरतात.

विमान आठवड्यातून तीनदा येतं. दोन इंजिनांचं, पायलट धरून दहा माणसांचं. आत चालायला वाट नाही. बाकड्यामागे बाकडं, आणि बाहेरच्या दारांतून शिरायचं. जीपमध्ये बसावं तसं माणूस बसतो, फरक इतकाच की मध्येच उतरता येत नाही. सांतोला, म्हणजे मोठ्या बेटावर, जायला ते सोडून एक बोटही आहे. तिला दोन दिवस लागतात आणि कधी निघेल ते कप्तानालाही माहीत नसतं.

प्रत्येक जण हातातल्या पिशवीसकट काट्यावर उभा राहतो. आकडा जोनास बोलत नाही, लिहितो. बेटावर कोण किती सुटलंय हे फक्त त्याला ठाऊक. इतकी गुपितं पाद्र्याकडेही असतील, पण त्याला ती किलोत मिळत नाहीत.

मग येतं बसवणं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, जड माणसं पुढे, हलकी मागे. पुस्तक लिहिणाऱ्याला बहीण नसावी. आमच्याकडे वयात आल्यानंतर भाऊ बहिणीशी थेट बोलत नाही, तिचं नाव घेत नाही, एका चटईवर बसत नाही, आणि हात लावणं तर सोडाच. यात भांडण नाही. ज्याला बहिणीचा मान कळत नाही तोच तिच्याशी गप्पा मारतो, असं मानतात. जावयाचं सासूशी साधारण तेच. गावच्या चीफच्या पुढे कोणी बसायचं नाही, त्यात पायलटला नाइलाज म्हणून सूट आहे. तर प्रत्येक उड्डाणाआधी जोनास धावपट्टीलगतच्या आंब्याखाली पाच मिनिटं उभा राहून नऊ माणसांची वजनं आणि नाती एकदम जुळवतो, आणि तेवीस वर्षांत एकही जावई सासूशेजारी बसलेला नाही आणि एकही विमान शेपटीवर बसलेलं नाही. यातलं दुसरं कंपनीला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये त्याची बहीण एल्सी आजारी पडली. तीन दिवस ताप, उजव्या बरगडीखाली कळ, डोळे पिवळे. दवाखान्यातल्या नर्सने पोटाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, पित्ताची पिशवी पिकलीय, आज सांतोला न्या, उद्या म्हणू नका. ऑपरेशन लागेल, आणि तिच्या गटाचं रक्त तिथे शिल्लक नाही. मी तिथे फोन करून विचारलंय, ती म्हणाली. रक्ताचा माणूस बरोबर न्या.

एल्सीचा नवरा वारलेला. मुलगा मार्टिन न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडायला गेलेला. दवाखान्यातल्या कार्डांवर तिच्या गटाचा एकच माणूस निघाला, जोनास. रक्त द्यायला रूढीची हरकत नव्हती. मध्ये बाटली असते.

विमान साडेनऊला उतरलं. पायलट सिल्वेन मोली, वय एकोणतीस, मूळ मालो बेटाचा, जोनासला अंकल म्हणणारा. विमान पूर्ण भरलेलं होतं. चीफ अ‍ॅम्ब्रोझ जिल्हा सभेला निघालेले. पुढच्या दोन बाकांवर चौघं, ज्यांच्या नावाची इथे गरज नाही, पण ज्यांच्यात सत्तर किलोच्या आतलं कोणी नव्हतं. आंटी मेबल, एल्सीला सोबत म्हणून. मी, शाळेचा मास्तर, पुस्तकं आणायला. आणि हे भाऊबहीण.

आधी चीफचं पोतं निघालं. ते वजन न करताच शेपटीतल्या सामानाच्या जाळीआड जाऊन बसलं होतं.

"हे कोणाचं?" जोनासने विचारलं.

"माझं. सामान नाही, भेट आहे. सांतोच्या सोयऱ्यांना," चीफ म्हणाले.

जोनासने पोतं खेचून काट्यावर ठेवलं. "बावीस किलो."

"भेटीचं वजन करत नाहीत. तुझ्या बापाने कधी केलं होतं?"

"बापाकडे काटा नव्हता."

"जोनास, मी चीफ आहे."

"म्हणून तर तुम्हाला सगळ्यांच्या पुढे बसवलंय. पोतं शेपटीत चाललंय. पोतं चीफ नाही."

"बावीस किलोने विमान पडतं का?"

"पडत नाही. पडायला लागलं तर सावरताना नडतात."

पोतं आंब्याच्या बुंध्याशी राहिलं. शुक्रवारच्या विमानाने धाडतो, जोनास म्हणाला. चीफ पायलटशेजारी चढले आणि समोरच्या काचेतून गाईंकडे बघत राहिले.

मग जोनासने यादी हातात घेतली. शेवटच्या बाकावर शंभर किलोच्या वर नको, हे सिल्वेनने उतरतानाच सांगितलं होतं, कारण जाळीआड टपालाची पोती होती. एल्सी सेहेचाळीस. जोनास बावन्न. त्यांच्यानंतर सगळ्यात हलका मी, एकाहत्तर. जोनासने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एखाद्याला उतरवण्याचा अधिकार त्याला होता. उतरवण्यासारखा एकच प्रवासी त्याला सापडला, तो स्वतः, आणि त्याचं रक्त लागणार होतं.

सिल्वेन यादीवर सही करायला आला. "शेवटच्या बाकावर कोण? 'मार्टिनची आई'? अंकल, हे नाव नाही."

"सगळे ओळखतात तिला."

"कंपनी ओळखत नाही."

"आंटीला विचार."

आंटी मेबलने त्याला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं. "एल्सी तबी. लिही. आणि मोठ्याने वाचू नकोस, तो तिथे उभा आहे."

"ते दोघं सख्खे भाऊबहीण ना?"

"म्हणून तर. परके असते तर एव्हाना गाणी म्हणत बसले असते."

एल्सीला आंटी आणि नर्स दोघींनी उचलून डाव्या दाराने आत घेतलं. जोनास उजव्या दाराने चढला आणि दाराला इतका चिकटून बसला की दार लागेना. मध्ये त्याने आपली वहीची पिशवी ठेवली. पिशवी वीतभर रुंद होती. तेवढी रूढी शिल्लक राहिली.

आंटी मेबल माझ्याशेजारी, त्यांच्या बरोबर पुढच्या बाकावर. तिच्या मांडीवर पानांची टोपली, आत टॅरोचे कंद, इस्पितळात काम करणाऱ्या भाचीसाठी. सहा किलो. जोनासने टोपली मोजली होती, यादीत लिहिली होती, पण तिच्या मांडीवरून काढून जाळीआड टाकली नव्हती. भेट मांडीवरच न्यायची असते, आणि एका सकाळी किती लोकांना दुखवायचं यालाही मर्यादा आहे.

सांतोला जाताना डोंगराला उजवीकडे ठेवून समुद्रावरून वळसा घालतात. चाळीस मिनिटं लागतात. ऑगस्टात वारा आग्नेयेकडून सारखा वाहतो, डोंगरावरून चढतो आणि पलीकडे उतरतो. म्हणून पलीकडे जायचं नाही, हे प्रत्येक पायलटला माहीत असतं. सिल्वेनलाही माहीत होतं. पण मागच्या बाकावरून एल्सीचं कण्हणं इंजिनाच्या आवाजातूनही त्याच्यापर्यंत येत होतं, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि डोंगरामागून गेलं की बारा मिनिटं वाचतात. तो सरळ गेला. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

दहा मिनिटं झाल्यावर विमान थोडं डुलायला लागलं. बोटीत असावं तसं. जोनासने मागून आंटीच्या खांद्यावर टकटक केलं.

"आंटी, मार्टिनच्या आईला सांगा, पट्टा घट्ट करायला."

"तुझ्या कोपराशी बसलीय ती."

"मला सांगता येत नाही."

"आणि मला मान वळवता येत नाही. मांडीवर टोपली आहे." तरी तिने छताकडे तोंड करून आवाज चढवला. "एल्सी, पट्टा आवळ गं."

"आवळला की कळ येते, आंटी," एल्सी म्हणाली. "सैलच बरा आहे. त्याला सांगा."

जोनासने ते ऐकलं होतं. सगळ्या विमानाने ऐकलं होतं. पण तो थांबला.

"ती म्हणते, दुखतं," आंटी म्हणाली.

"सांगा, थोडं दुखू दे."

"तू सांग ना बाबा. देव तरी बघतोय का इतक्या उंचावर."

"इथून जवळ आहे तो," जोनास म्हणाला.

मला हसू आलं, आणि हसताना माझं पोट वर राहिलं आणि मी खाली गेलो.

प्रवाशाला त्या वेळी काय होतं ते मी सांगू शकतो. आधी आवाज जातो. मग पायातल्या चपला समोर येतात, गुडघ्याच्या उंचीवर, आणि माणूस त्यांच्याकडे बघतो, कारण इतकी वर्षं घालूनही त्या खालून कधी पाहिलेल्या नसतात. एक बिस्किटाचा पुडा छताला लागून थांबला. पुढे कुठेतरी भोंगा वाजायला लागला, एकाच सुरात, लहान मूल हट्टाने वाजवतं तसा. डावीकडची खिडकी समुद्राने भरली आणि उजवीकडची आकाशाने. आणि तेव्हा मी पाहिलं, सिल्वेनने दोन्ही हातांनी दांडा पुढे ढकलला. विमान पडतंय आणि हा पोरगा त्याला आणखी खाली लोटतोय. त्या क्षणी त्याच्याबद्दल माझ्या मनात जे आलं त्याची मी नंतर माफी मागितली आहे. तो म्हणाला, सगळ्यांच्याच मनात येतं, मास्तर. पण पंखाखालची हवा सुटली की आधी नाक खाली घालून ती परत मिळवावी लागते. वर जायचंय म्हणून वर ओढलं की संपलं.

पायलटला काय होतं ते त्याने असं सांगितलं: त्याला काहीच झालं नाही. त्याने भोंगा ऐकला, वेगाचा काटा पाहिला आणि हात आपोआप गेले. भीती सांतोला उतरल्यावर आली, इंजिनं बंद केल्यावर. तेव्हा त्याला दार उघडता येईना, कारण कडी कुठे असते ते आठवेना.

मी मागे वळून पाहिलं ते त्या पडण्यातच. एल्सी बाकावरून उठली होती. सैल पट्टा मांड्यांवरून घसरून गुडघ्यांशी आला होता, आणि ती बसल्या आकारात तशीच वर चालली होती, डोकं छताच्या लोखंडी पट्टीकडे. तोंडावर आश्चर्य, बाकी काही नाही. आणि जोनासने, ज्याने चाळीस वर्षांत तिच्या सावलीवरही पाय दिला नव्हता, डावा हात तिच्या कमरेभोवती टाकला, पलीकडची बाकाची दांडी पकडली आणि तिला खाली आणून धरून ठेवलं. वहीची पिशवी दोघांच्या डोक्यावरून मागे गेली.

मग हवा परत आली. सिल्वेनने नाक हळूहळू वर घेतलं आणि सगळ्यांची वजनं दुप्पट झाली. वर गेलेलं सगळं एकदम खाली आलं. चपला आल्या, बिस्किटं आली. आंटी मेबलच्या मांडीवरची टोपली केव्हा उडाली ते तिलाही कळलं नव्हतं. ती मागच्या बाकावर उतरली, जोनासच्या डाव्या खांद्यावर, गळ्यालगत. तिच्याखाली एल्सीचं डोकं आलं असतं, पण जोनास तिच्यावर वाकलेला होता. टॅरोचं वजन त्याने सकाळी सहा लिहिलं होतं. त्या वेळी ते किती झालं होतं याला काटा नाही.

पुढची पंधरा मिनिटं चीफ अ‍ॅम्ब्रोझ आपल्या वारलेल्या आईला हळू आवाजात काहीतरी समजावत होते. जोनासने हात सोडला नव्हता. एल्सीने त्याला सोड म्हटलं नाही, म्हणणार कशी. आंटी मेबलकडून निरोप धाडता आला असता, पण आंटीने तोंडात रुमाल धरला होता.

सांतोला उतरल्यावर हँगरच्या सावलीत जो तो आपलं पडणं सांगू लागला. चीफच्या मते आपण पाच मिनिटं पडत होतो. पुढच्या बाकावरच्या एकाने आपला सगळा जन्म पाहिला होता आणि तो फारसा बरा नव्हता. आंटी मेबल म्हणाली, हवेत एवढा मोठा खड्डा असतो तर तो कोणी बुजवत का नाही.

"खड्डा नसतो, आंटी," सिल्वेन म्हणाला. तो चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. "ओढ्यातला दगड पाहा. त्याच्यावरून पाणी जातं आणि पलीकडे खाली कोसळतं. डोंगर म्हणजे दगड, वारा म्हणजे पाणी. पाणी दिसतं, वारा दिसत नाही, एवढंच. मी जायला नको होतं."

"किती पडलो?" मी विचारलं.

"सहाशे फूट. सहा सेकंद."

"सहा?" चीफ म्हणाले. ते दुखावल्यासारखे दिसले.

"आणखी एक सांगतो, चीफ. मागे आणखी वीस किलो असते तर मी दांडा ढकलला असता आणि नाक खाली आलं नसतं. शेपटीनेच धरून ठेवलं असतं. अंकलने जे पोतं उतरवलं ना, त्याच्यावर आपण दहा जण इथे उभे आहोत."

चीफनी आपल्या पायांकडे बघितलं. मग बराच वेळ जोनासला शोधलं, पण तोवर तो आणि आंटी एल्सीला घेऊन इस्पितळाच्या गाडीतून निघून गेले होते.

इस्पितळात काय झालं ते आंटी मेबलने सांगितलं, म्हणजे तिच्या भाचीने तिला सांगितलं ते. डॉक्टर बाई म्हणाली, पिशवी फुटायच्या बेतात आहे, आत्ता उघडायला हवी, रक्त कुठे आहे. जोनास पुढे झाला. उजवा हात दिला. डावा हात त्याने शर्टाच्या बटणांमध्ये खुपसून ठेवला होता. भाचीला वाटलं, थंडी वाजत असेल. विचारलं, काही आजार, काही मार, ताप, औषध? तो नाही म्हणाला. एक बाटली घेतली. तो म्हणाला, आणखी लागेल का. भाची म्हणाली, एका माणसाची एकच घेतात. तो म्हणाला, ती बारीक आहे, तिला पुरेल.

एल्सीला आत नेलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, वाचली, आणखी एक दिवस उशीर केला असता तर सांगता येत नव्हतं. जोनास उभा राहिला, धन्यवाद म्हणाला आणि तिथेच खाली बसला. तेव्हा भाचीने शर्ट काढायला सांगितला. तो काढता येईना. कापावा लागला.

"कॉलरबोन मोडलीय," डॉक्टर म्हणाली. "दोन ठिकाणी. कधी?"

"सकाळी."

"आणि मार लागलाय का विचारलं तेव्हा नाही म्हणालास?"

"हो म्हटलं असतं तर रक्त घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं."

"म्हणून," जोनास म्हणाला.

भाचीचं म्हणणं, डॉक्टर बाईने त्याला पुष्कळ झापलं, आणि झापताना त्याच्या हाताला पट्टी बांधत होती, आणि पट्टी बांधून झाल्यावरही झापत होती, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

एल्सी तीन आठवड्यांनी बोटीने परत आली. विमानात बसायला ती तयार होती; आंटी मेबल नव्हती. तोवर जोनासच्या दारात भेटी येत होत्या. पुढच्या बाकांवरच्या चौघांकडून यामचे कंद, मार्टिनकडून न्यूझीलंडचं जाड जाकीट, जे इथे कोणत्याही महिन्यात घालता येत नाही, सिल्वेनकडून तांदळाची गोणी आणि माशांचे डबे, चीफकडून तेच पोतं, जसंच्या तसं, शुक्रवारी धाडायचं राहून गेलेलं, आंब्याखालून उचललेलं. मी साखर नेली. जोनासने सवयीने सगळं एकेक करून काट्यावर ठेवलं. एकूण एकशे त्र्याऐंशी किलो भरलं. एका फेरीत गेलं नसतं.

पण त्याच्या मनात दुसरंच होतं. एल्सी आल्याच्या चौथ्या दिवशी तो एक डुक्कर घेऊन चीफच्या अंगणात गेला. त्याने बहिणीला हात लावला होता, आठ जणांच्या समोर. त्याचा दंड असतो, आणि तो भरायला तो आला होता. गाव जमलं. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या. एल्सी बायांच्या मागे, भिंतीला टेकून.

"विमान किती उंचावर होतं?" चीफनी मला विचारलं.

"चार हजार फूट, चीफ. नंतर कमी."

"रूढी जमिनीची आहे," चीफ म्हणाले. "शिवाय माझ्या आजोबांनी ठरवून ठेवलंय, बुडणाऱ्या बहिणीला भावाने केसाला धरून ओढलं तर दंड नाही."

"ते पाण्याचं," जोनास म्हणाला. "हवेचं कोणी ठरवलेलं नाही."

"मग मी ठरवतो. दंड नाही. घरी जा."

"मला द्यायचाय."

"का रे बाबा?"

"डुक्कर आणलंय."

लोक हसले. जोनास हसला नाही. दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला गेला आणि डावा हात आठवून थांबला.

"दंड दिला नाही," तो म्हणाला, "तर लोक म्हणतील, शेजारी कोणीही असतं तरी त्याने धरलं असतं. ती तशी 'कोणीही' नव्हती."

चीफनी हाताने खूण केली आणि दोघा पोरांनी डुक्कर घेतलं.

तेव्हा बायांच्या बाजूला हालचाल झाली. आंटी मेबल चटया घेऊन आली, लाल रंगवलेल्या, झालर लावलेल्या, अकरा. यातली एक विणायला एका बाईला दोन महिने लागतात. एल्सीने त्या विणून ठेवल्या होत्या मार्टिनच्या लग्नासाठी. आंटीने त्या एकेक करून जोनाससमोर पसरल्या.

"एल्सी म्हणते," आंटी सुरू झाली, आणि थांबली, आणि मागे वळली. "काय म्हणतेस गं, तूच मोठ्याने बोल. मी सांगतेच आहे."

एल्सी भिंतीपासून उठली नाही. तिने आंटीकडे बघूनच सांगितलं, पण आवाज असा लावला की अंगणाच्या या टोकाला पोचेल. "आंटी, त्याला माझ्याकडे बघता येत नाही. म्हणून त्याला सांगा, मी बरी आहे. जेवते. काल दोनदा जेवले. रात्री झोप लागते. त्याचं रक्त चांगलं आहे म्हणावं, त्याचा त्रास होत नाही."

आंटी मेबलने तोंड जोनासकडे वळवलं आणि शब्द न शब्द पुन्हा सांगितला, जेवणासकट. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. तो चटयांकडे बघत होता.

"आंटी, सांगा," तो म्हणाला, "ऐकलं."

मग लापलाप वाढला, किसलेल्या कंदाचा, केळीच्या पानात भाजलेला, नारळाच्या दुधात चांगला भिजलेला, आणि चीफनी पहिलं पान जोनासपुढे ठेवायला लावलं. त्या दिवशी जोनास त्यांच्या पुढे बसला होता, आणि त्यांनी ते पाहिलंच नाही असं दाखवलं.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचं पत्रक आलं. सिल्वेनने काहीही लपवलं नव्हतं. त्याला दोन आठवडे घरी बसवलं, मग परत घेतलं, आणि तो आता डोंगराला नेहमी उजवीकडे ठेवतो. पत्रक जोनासनेच प्रतीक्षागृहाच्या भिंतीला खिळ्याने लावलं. त्यात असं आहे: दिनांक अमुक रोजी सांतो मार्गावर वाऱ्याच्या आकस्मिक झोतामुळे विमानाची उंची अल्पकाळ कमी झाली. वैमानिकाने विहित पद्धतीने विमान पूर्ववत केले. भार व आसनव्यवस्था नियमानुसार होती. विमानाचे नुकसान: नाही. प्रवाशांस इजा: नाही. कर्मचाऱ्यांस इजा: नाही.

मी जोनासला विचारलं, हे कसं. तो म्हणाला, तो कंपनीच्या पासवर गेला होता, म्हणून प्रवासी नाही; आणि हंगामी आहे, म्हणून कर्मचारी नाही.

हाड वाकडं जुळलं आहे. शर्टाचं वरचं बटण लागत नाही.